देवासाठी डावा हात

डिसेंबर. सॅटर्नेलियाचा दुसरा दिवस

वर्षातून सणाचे हे थोडे दिवस फासे उघडपणे खेळता येतात. खाली गावात आरडाओरडा चालला आहे. मालक गुलामांना वाढताहेत, गुलाम मालकांना शिव्या देताहेत. मी वर देवळात. बायको गेल्यापासून सणाला माझ्याकडे कुणी येत नाही आणि हर्क्युलिसला एकटं सोडून मला कुठं जाता येत नाही. रखवालदाराचं काम असंच.

खोकल्याला पाचवा महिना.

देवळाच्या नोंदी मी मेणाच्या पाटीवर करतो. हे मात्र शाईनं लिहितो, लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर. मेण पुसलं जातं.

दुपारी धनी आले. रुब्रियुस. या देवळाचं छप्पर त्यांच्या आजोबांनी घातलं. यंदाच्या उन्हाळ्यात ओकचं नवं दार त्यांनी बसवून दिलं, कुलूप स्वतः तिबुर शहरात जाऊन घडवून आणलं. त्याची किल्ली माझ्या गळ्यात असते. ते तांबूस केसांना केशराचं तेल लावतात. गेल्यावरही बराच वेळ वास राहतो.

"एकटाच बसलायस, म्हाताऱ्या?"

"देव आहे की सोबतीला."

"मग खेळ त्याच्याशी. रोममध्ये एकजण खेळला होता ना?"

ती गोष्ट कुणाला माहीत नाही? रोममधल्या एका रखवालदारानं उजव्या हातानं स्वतःसाठी फासे टाकले आणि डाव्या हातानं हर्क्युलिससाठी. हरला. ठरल्याप्रमाणे त्यानं देवाला जेवण मांडलं आणि एक बाई देवळात ठेवून बाहेरून कुलूप लावलं. सकाळी ती बाहेर आली. पायऱ्या उतरताना भेटेल त्या पहिल्या पुरुषाला वंदन कर, असं देवानं तिला सांगितलं होतं. तिनं केलं. तो माणूस श्रीमंत निघाला. तिचं सोनं झालं.

"जिंकलास तर काय मागशील?" धन्यांनी विचारलं.

"हा खोकला घेऊन जा म्हणेन."

"आणि हरलास तर? त्याच अटी?"

मी खोकत होतो. मान हलवली.

"मान नको हलवूस. तोंडानं बोल. देवाशी बोलतोयस, खाटकाशी नव्हे."

मी वेदीवर हात ठेवून बोललो. माझं नाव, माझ्या बापाचं नाव, जेवण, बाई. सगळं स्पष्ट. धनी साक्षीला होते.

माझे फासे हाडाचे, झिजलेले. देवाला ते कशाला, म्हणून धन्यांनी स्वतःचे हस्तिदंती काढून दिले. उजव्या हातानं माझे टाकले: दोन, पाच, एक. डाव्या हातानं त्यांचे टाकले. तीनही सहा.

आम्ही हसलो. मग मला दिसलं की हसतोय तो मी एकटाच.

सणाचा पाचवा दिवस

खानावळीतल्या ग्रीक बाईकडे जाऊन आलो. एक रात्र देवळात बसशील का, विचारलं. तिनं कमरेवर हात ठेवले.

"कुणासाठी?"

"हर्क्युलिससाठी."

"तो येणार असेल तर मी फुकट येते. नाही आला तर तू येशील का रे आजोबा, खोकत खोकत?"

सगळी खानावळ हसली. तरी ती तयार होती. नंतर धन्यांच्या कानावर घातलं, तर ते म्हणाले,

"ओप्पियुस, तुझ्या घरी पाहुणा आला तर तू त्याला दुसऱ्याच्या ताटातलं वाढशील?"

"नाही."

"मग देवाला उष्टं कसं चालेल?"

मला हे सुचलं नव्हतं. सुचायला हवं होतं. वीस वर्षं देवाच्या सेवेत आहे.

माझ्या घरात एकच मुलगी आहे.

डिसेंबर. महिन्याचा शेवट

नेविया मला या देवळाच्या पायरीवर सापडली, सोळा वर्षांपूर्वी. फडक्यात गुंडाळलेली, थंडीनं निळी. तिच्या बापानं तिला जमिनीवरून उचललं नसणार. जन्मलेलं मूल दाई जमिनीवर ठेवते. बापानं उचललं तर ते घरचं, नाहीतर बाहेर. मी तिला पायरीवरून उचललं आणि घरी नेलं. बायको म्हणाली, "देवानं दिली." आम्हाला मूल नव्हतं.

आज तिला सांगितलं. ती मसूर निवडत होती. निवडतच राहिली.

"बाबा, बाईनं हर्क्युलिसच्या देवळात पाऊल टाकायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत. झाडायलासुद्धा नाही."

"देव बोलावतो तेव्हा मनाई नसते."

"देवानं कुठं बोलावलं? तुम्ही फासे टाकलेत."

"बोललेला शब्द आहे. नाही फेडला तर तो गावावर उलटेल. पिकावर, गुरांवर."

"आणि फेडला तर माझ्यावर."

मी म्हणालो, काही होणार नाही, जेवण ठेवायचं, रात्र काढायची, सकाळी घरी. बहुधा असंच होईल. मला तसंच वाटतं. देव क्वचित येतात.

"आतून कडी आहे?" तिनं विचारलं.

"नाही. कुलूप बाहेरून लागतं. किल्ली माझ्या गळ्यात. मी इथंच, आपल्या खोलीत असेन. भ्यायचं काय त्यात?"

तिनं मसुरातला एक खडा काढून माझ्यासमोर ठेवला.

जानेवारी. नोन्सच्या दुसऱ्या दिवशी, महिन्याचा सहावा

फेडलं.

काल संध्याकाळी जेवण मांडलं. डुकराची भाजलेली मांडी, अंडी, चीज, सुके अंजीर, वाइन. नेविया पांढऱ्या कपड्यात. मी दार लावलं, कुलूप घातलं, ओढून पाहिलं. मग घरी आलो. खोकल्यावरचं औषध घेतलं होतं, त्यानं झोप लागली.

सकाळी दार उघडलं. कुलूप जसंच्या तसं होतं. मांडी अर्धी संपलेली, वाइनचा घडा रिकामा. नेविया मूर्तीच्या मागं भिंतीला टेकून बसली होती. कपडा खांद्यावर फाटलेला. मी गुडघे टेकले. वीस वर्षांत देव एकदाही आला नव्हता.

"आला होता?" मी विचारलं.

"आला होता."

"कसा होता?"

तिनं फाटका कपडा खांद्यावर ओढला. मग म्हणाली, "त्याच्याकडे किल्ली होती, बाबा."

देवाला कुठलं कुलूप अडवणार?

पायऱ्यांच्या खाली धनी उभे होते. एवढ्या सकाळी मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. गोष्टीतल्यासारखंच, पहिला पुरुष, आणि श्रीमंत. नेविया त्यांच्याजवळ थांबली. मला वाटलं, वंदन करील. ती त्यांच्या पायाशी थुंकली आणि घरी गेली.

मी धन्यांची शंभर वेळा माफी मागितली. ते म्हणाले, "पोर आहे. घाबरली असेल."

घरी येऊन तिला रागावलो. स्वतःचं सोनं होत होतं, ते हातानं घालवलं.

जानेवारी. इड्सचा दिवस, महिन्याचा मध्य

ती दिवसातून तीनदा अंघोळ करते. म्हणते केशराचा वास जात नाही. देवांच्या अंगाला सुगंध असतो, असं मीही ऐकलं आहे.

मार्च. कॅलेंड्स, महिन्याचा पहिला दिवस

नेविया गरोदर आहे. गावातली सुईण सालविया, माझ्या बायकोची मैत्रीण, तिनं तपासून सांगितलं. सांगताना माझ्याकडे पाहिलं नाही.

मी देवळात जाऊन मूर्तीसमोर बसलो. भीती वाटली आणि अभिमानही. इथं लिहायला हरकत नाही: अभिमान जास्त.

मार्च. इड्सनंतर

आज नेविया स्वतःहून बोलली. चूल फुंकत होती. माझ्याकडे पाठ.

"बाबा, तो देव नव्हता."

"तुला कसं कळलं?"

"मी ओळखलं त्याला. रुब्रियुस होता."

मी जेवणावरून उठलो. बाहेर विहिरीपाशी जाऊन बसलो. देवळामागची विहीर जुनी, खोल. मन जड झालं की मी तिथं बसतो. पहिल्यांदा वाटलं, खरं असेल. धन्यांनी कुलूप आणलं. लोहार एका कुलुपाच्या दोन किल्ल्या करू शकतो.

मग आठवलं. हर्क्युलिसचा स्वतःचा जन्म कसा झाला? देवांचा राजा युपिटर त्याच्या आईकडे तिच्या नवऱ्याचं रूप घेऊन गेला. आवाज तोच, चेहरा तोच, अंगठी तीच. ती फसली, कारण देवानं तिला फसवायचं ठरवलं होतं. बापाचीच रीत मुलानं चालवली. गावातला सगळ्यात मोठा माणूस निवडला आणि त्याचं रूप घेतलं.

परत येऊन नेवियाला हे समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्हाला मी जास्त की तो?"

तो म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही.

एप्रिल

खरं खोटं एकदा होऊन जाऊ दे म्हणून धन्यांकडे गेलो. इतर आश्रितांबरोबर सकाळी रांगेत उभा राहिलो. माझी पाळी आल्यावर हळूच म्हणालो, "धनी, तुमचा मोठा मान झाला. देव त्या रात्री तुमचं रूप घेऊन आला होता. पोरीनं स्पष्ट ओळखलं."

त्यांच्या हातातली ऑलिव्हची बी खाली पडली.

"कुणाला सांगितलंस हे?"

"कुणालाच नाही."

"सांगू नकोस. देवाला गाजावाजा आवडत नाही." मग बी उचलत, "पोर होणार आहे?"

"ऑक्टोबरात."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. असा त्यांनी कधी ठेवला नव्हता. यंदा ते गावाच्या दंडाधिकारीपदाला उभे आहेत आणि सासरेबुवा तिबुरहून मदत करताहेत, कामं फार आहेत, म्हणाले. माझ्यासाठी मध पाठवला, खोकल्यावर.

माणूस गुन्हेगार असता तर चिडला असता. चिडले नाहीत. माझी शंका फिटली.

जुलै

लिहिण्यासारखं काही नाही. ऊन. धनी निवडून आले. नेविया माझ्याशी कामापुरतं बोलते. पोटावर हात ठेवून मात्र कुणाशी तरी सतत बोलत असते. काल दाराआडून ऐकलं. बाळाला पावटे कसे सोलायचे ते सांगत होती.

ऑक्टोबर. नोन्सला दोन दिवस बाकी

मुलगा झाला. पहाटे. सालवियानं नाळ कापली, पुसलं आणि रीतीप्रमाणे त्याला जमिनीवर माझ्या पुढ्यात ठेवलं. तांबूस जावळ. आवाज खणखणीत.

"उचल," ती म्हणाली.

मी वाकलो. हात पुढे केले. आणि थांबलो.

उचलतो तो बाप. मी याचा बाप नाही. देवाचं मूल मी उचललं तर ते मी चोरलं असं होईल. शब्द चुकला की देव काय करतो, ते मला माहीत आहे. पण शब्द कुठला, ते कळेना. माझे हात तसेच हवेत राहिले.

"उचल रे! जमीन गार आहे."

"मला विचारून यायला हवं."

"कुणाला विचारून? सोळा वर्षांपूर्वी पायरीवरून हिला उचललीस, तेव्हा कुणाला विचारायला गेला होतास?"

"ती कुणाची नव्हती."

"मेल्या, हे जावळ कुणाचं आहे ते मला विचार. त्या घरात तीन बाळंतपणं केलीयत मी."

मी तिला म्हणालो, हर्क्युलिसच्या अंगावरचं सिंहाचं कातडंही तांबूसच असतं. सालवियानं तोंडावर पदर घेतला. नेविया खाटेवरून म्हणाली, "बाबा, द्या मला त्याला. नुसतं द्या." सालवियानं मूल उचलून तिच्याजवळ दिलं. पण बाईच्या उचलण्यानं काही होत नाही.

धन्यांकडे गेलो. त्यांनी थोडाच विचार केला.

"देवाचं मूल देवानं उचलावं. रात्रभर त्याच्या पायाशी ठेव. मूर्तीसमोर, जमिनीवर. दार लाव. त्याला हवं असेल तर तो उचलेल."

"आणि नाही उचललं तर?"

"तर सकाळी तू उचल. मग कुणी तुला चोर म्हणणार नाही."

हे मला पटलं. मन हलकं झालं. एका रात्रीचा प्रश्न. घोंगडी जाड घ्यायची, मूर्तीसमोर शेगडी ठेवायची. सकाळी मीच उचलणार, हे मला आतून ठाऊक होतं. देव क्वचित येतात. त्याचं नावही मी ठरवून ठेवलं आहे. ते इथं लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी

काय झालं ते क्रमानं लिहितो.

संध्याकाळी नेवियाच्या कुशीतून मूल घेतलं. तिनं सोडलं नाही. सालविया आणि मी दोघांनी मिळून तिची बोटं सोडवली. ती उंबऱ्यापर्यंत आली, पण देवळाच्या दारात थांबली. आत यायचं नाही, ते तिला मी लहानपणापासून शिकवलं आहे.

मूल पोटभर पाजलेलं होतं. घोंगडीत गुंडाळून देवाच्या पायाशी ठेवलं. शेगडी पेटवली. कुलूप घातलं. या वेळी औषध घेतलं नाही. देवळाच्या मागच्या अंगाला आमची खोली, तिच्या खिडकीशी बसून राहिलो.

मध्यरात्र उलटल्यावर ते रडू लागलं. भुकेचं रडणं. नेविया भिंतीवर डोकं आपटत होती. मी म्हणालो, थोडं थांब, आता उजाडेल. खोकला आला तो मुठीत दाबून धरला, ऐकू यावं म्हणून.

मग रडणं थांबलं. एकदम.

मूल उचललं की रडायचं थांबतं. हे कुणालाही ठाऊक आहे.

उजाडताच दार उघडलं. कुलूप जसंच्या तसं. शेगडी विझलेली. देवाच्या पायाशी घोंगडी होती, नीट घडी करून ठेवलेली. मूल नव्हतं.

नेवियाला ओरडून सांगितलं, "उचललं! त्यानं उचललं!" ती माझ्याकडे धावत आली नाही. ती दाराकडे धावली नाही. देवळाला वळसा घालून मागे विहिरीकडे पळाली.

ऑक्टोबर. इड्सला पाच दिवस बाकी

धनी आज गवंडी आणि दगड घेऊन आले. देवानं कृपा केली म्हणून त्यांना काहीतरी अर्पण करायचं आहे. हस्तिदंती फासे त्यांनी मूर्तीच्या पायाशी ठेवले. शिवाय मागच्या विहिरीवर झाकण. काठ मोडका आहे, कुणीतरी पडेल, म्हणाले. आठ माणसांनी मिळून एकच अखंड दगड बसवला.

नेवियाला त्या माणसांनी धरून बाजूला केलं. तिनं त्यांच्यातल्या एकाचा हात चावला. मला लाज वाटली.

पाणी आता खालच्या झऱ्यावरून आणावं लागतं. माझ्या गुडघ्यांना ते झेपत नाही, पण अर्पण नाकारता येत नाही.

नवव्या दिवशी

मुलाचं नाव ठेवण्याचा दिवस. मी देवळात जाऊन ते नाव मोठ्यानं म्हटलं. आत घुमलं.

खोकला थांबला आहे. नवसाची फेड पूर्ण झाली याची खूण समजतो.

नोव्हेंबर

नेवियाचं दूध आटत नाही. सालवियानं कोबीची पानं बांधली, उपयोग नाही. ती रोज सकाळी विहिरीवरच्या दगडावर जाऊन बसते आणि छातीतलं दूध दगडावर पिळते. देवासाठी असेल तर पायऱ्यांवर ठेवावं. आत येता येत नाही, पायऱ्या तर तिला मोकळ्या आहेत. मी तसं सांगितलं. तिच्या तोंडून शब्द ऐकून एक महिना झाला.

दगडाच्या कडेला दूध जिथं उतरतं तिथं मुंग्यांची रांग लागते. मी ती रोज झाडतो.

डिसेंबर. सॅटर्नेलियाचा दुसरा दिवस

खोकला परत आला.

सकाळी देऊळ झाडायला गेलो. खाली गावात सणाचा गलका. देवाच्या पायाशी धन्यांचे हस्तिदंती फासे तसेच पडलेले. धूळ पुसायला उचलले. वर्षापूर्वी याच दिवशी, याच जागी. माझे हाडाचे फासे कमरेच्या पिशवीत होतेच.

सहज टाकले. उजव्या हातानं माझे: एक, चार, दोन.

डाव्या हातानं धन्यांचे: तीनही सहा.

देव जवळ आहे असं वाटलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, तेच फासे उजव्या हातानं टाकले. स्वतःसाठी. देवाचं नाव न घेता.

तीनही सहा.

पुन्हा टाकले. दोन सहा, एक पाच. पुन्हा टाकले. तीनही सहा. खाली बसलो आणि टाकत राहिलो. दहापर्यंत मोजलं, नंतर मोजलं नाही.

कुलुपाची किल्ली गळ्यातून काढली. हातावर ठेवून पाहिली. नवी असल्यासारखी आहे. इतक्या वेळा वापरूनही हिला तेलाचा हात मी कधी लावलेला नाही. कुलूप मात्र आतून तेलानं चिकट आहे. बोट घालून पाहिलं. वास घेतला. केशराचा.

देऊळ उघडंच टाकून मागे गेलो. दगडाला खांदा लावला. आठ माणसांचा दगड. हलत नाही. पहार आणली, कडेला घातली, अंगाचं सगळं वजन टाकलं. हलत नाही.

नेवियाला हाक मारायला तोंड उघडलं.

ती पलीकडच्या बाजूला आधीच बसलेली होती, दोन्ही हात दगडाखाली घालून. तिची नखं केव्हाचीच तुटलेली होती. मला ते कधी दिसलं नव्हतं.